मशीन बंद करायची नाहीत

भाऊजी, तुमच्या बेसण्यात, म्हणजे इकडच्या शोकसभेत, मी भांडले. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगते, कारण लोक तिखटमीठ लावून सांगतील आणि तुम्हाला तर तिखटमीठ लावलेलीच गोष्ट आवडायची. पांढरी साडी नेसून, हार घातलेल्या तुमच्या फोटोसमोर, भरल्या मांडवात मी आवाज चढवला. ‘मशीन बंद करायची नाहीत,’ म्हणाले. कुणी ऐकलं नाही म्हणून पुन्हा म्हणाले. तेव्हापासून तुमचे दादा माझ्याशी बोलत नाहीत. ताटावर बसतात, जेवतात, हात धुतात आणि गॅलरीत जाऊन उभे राहतात. घरात माणसं दोनच, त्यात एकाने मौन धरलेलं. तुमचाच भाऊ, दुसरं काय होणार!

तुमच्याबद्दल लोक काय लिहितील ते मला ठाऊक आहे. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात चौकटीत फोटो, जन्म अमुक गावी, शिक्षण तमुक, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात भाऊ-भावजय. मनमिळाऊ! तुम्ही! एका पिक्चरवरून ज्याने सुरतेतल्या अर्ध्या गोडादऱ्याशी वाद घातला तो माणूस मनमिळाऊ? असलं खोटं मी लिहिणार नाही. कशाने गेलात, डॉक्टर काय म्हणाला, शेवटी कोण जवळ होतं, हेही लिहिणार नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगून सांगून माझं तोंड दुखलंय. मला तुमच्याशी चाललेलं भांडण पुरं करायचंय, तेवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आधी पिक्चरचं बोलू. त्याचं खरं नाव परदेशी. आपल्या कुणाच्या तोंडात ते बसलं नाही, म्हणून आपण त्याला कुलपाचा पिक्चर म्हणायचो. एक माणूस ओसाड माळावरच्या ठाण्यात राखणीला असतो. ठाण्यात एक खोली, तिला कुलूप. आत काय आहे ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्या खोलीतून त्याला बारीक आवाज येत राहतो. हळूहळू त्याच्या दिवसांची उलटापालट होते. आधी संध्याकाळ आणि नंतर सकाळ. तरुण बायको दारात येते, पुढच्या खेपेला तीच म्हातारी होऊन येते. एकदा तर तो स्वतःच स्वतःला तांब्याभर पाणी आणून देतो. शेवटी तो बाहेर येतो तर माळ नाही, आभाळ नाही, नुसतं पांढरं. तिथंच बसतो आणि रडतो. संपलं. जगभरात म्हणे या पिक्चरचे वेडे आहेत. आत काय होतं, तो जिवंत होता की मेलेला, यावरून ते वर्षानुवर्षं एकमेकांची डोकी फोडतात. आणि त्यातलं एक डोकं आमच्या घरचं निघालं.

तुमची खोली म्हणजे जयेशभाईंच्या लूमच्या खात्याचा, यंत्रमागाच्या कारखान्याचा, वरचा मजला. तरुणपणी तुम्ही त्याच खात्यात लूम चालवली, मग कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाईनं करायला शिकलात आणि खालून वर राहायला गेलात. तेवढाच तुमचा आयुष्यातला प्रवास. खाली रात्रंदिवस खटाखट, खटाखट. तुमच्या पलंगाजवळचा पाण्याचा ग्लास आपोआप सरकत कडेला यायचा. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, माझं डोकं फुटणार. तुम्ही शांतपणे ग्लास मागे सारलात आणि म्हणालात, ‘वहिनी, थोड्या वेळाने ऐकूच येणार नाही.’ आणि खरंच, तासाभरात मला काही ऐकू येईनासं झालं. त्या खटाखटीची सवय इतकी लवकर होते, याचीच मला धास्ती वाटली होती.

रविवारी दुपारी तुमच्या डिझाईनच्या मोठ्या स्क्रीनवर पिक्चर लागायचा. आम्ही दोघं नवराबायको भेस्तानच्या घरून येणार, खालच्या लूमवरचे लोटनभाऊ पाळी संपवून केसांत दोऱ्यांचे तंतू घेऊन येणार, मंडळाचे चौधरी सर झब्बा घालून येणार. आणि तुमचा तो नियम! मत दिल्याशिवाय चहा नाही. चहा करून ठेवायचा, वास खोलीभर सोडायचा, आणि पातेल्यावर झाकण ठेवून तुम्ही शेजारी बसणार, जकातनाक्यावर बसल्यासारखे.

पहिल्या वेळी मी म्हटलं होतं, ‘मला बाई काय कळतंय त्यातलं?’ तुम्ही माझा कप उचलून बाजूला ठेवलात. ‘कळत नाही हे मत नाही, वहिनी.’ मला इतका राग आला! लग्न होऊन सुरतेला आले तेव्हापासून मला कुणी कसलं मत विचारलं नव्हतं. शाळेत मी शिकवते, तिथं पोरांना उत्तरं विचारते. घरात कुठला गॅस घ्यायचा, कुठल्या सोसायटीत फ्लॅट घ्यायचा, सगळं ठरून माझ्यापर्यंत यायचं. आणि इथं हा दीर, परदेशातल्या कुठल्या कुलपाबद्दल मी काहीतरी बोलावं म्हणून माझा चहा अडवून बसलेला. मी तावातावाने म्हणाले, ‘त्याला बोलायला माणूस नाही, म्हणून त्याला आवाज येतात. आपल्या भावाकडे भेस्तानला राहायला गेला असता तर ही वेळ आली नसती!’ सगळे खो खो हसले. तुम्ही सगळ्यांत जास्त. आणि माझ्या कपात साय घालून दिलीत. त्या दिवसापासून मी जी बोलायला लागले ती अजून थांबलेली नाही. लोक म्हणतात बाई फटकळ आहे. त्यांना सांगते, माझ्या दिराने बिघडवली.

लोटनभाऊ दर वेळी एकच विचारायचे, ‘हाऊ कसाले रडस?’ हा का रडतो? सगळा पिक्चर त्यांना मान्य होता. सकाळ नंतर येते, येऊ दे. बायको म्हातारी होते, सगळ्यांचीच होते. पण शेवटी सुटका झाल्यावर माणूस रडेल कशाला, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. खोलीत काय आहे म्हणून विचारलं तर म्हणायचे, ‘काहीच नाही. सेठ लोक रिकाम्या खोलीलाही वॉचमन ठेवतात.’ चौधरी सरांचं ठरलेलं. कुलूप म्हणजे देह आणि आतला आवाज म्हणजे अनाहत नाद. एकदा बोलायला लागले की चहा पुन्हा गरम करावा लागायचा. तुमचे दादा मात्र कधी मत द्यायचे नाहीत. ‘ठीक आहे’ एवढंच. ते तुम्ही मतात मोजायचा नाहीत. मग ते खाली लारीवर जाऊन चहा पिऊन यायचे आणि निघताना तुमच्या समोर उभं राहून, खांद्याला हात लावून, ‘चल, निघतो’ म्हणायचे. तुमच्याशी बोलायचं तर ते नेहमी असंच समोर येऊन बोलायचे. पाठीमागून हाक म्हणून मारायचे नाहीत. मला वाटायचं, थोरलेपणाचा रुबाब.

आणि तुमचं मत! तुमचं म्हणणं, या पिक्चरमध्ये तो आवाज नाहीच. त्या राखणदाराला येतो, आपल्याला येत नाही, हीच तर करामत आहे. पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं यायची आणि तुम्ही खटाखटीच्या वर ओरडून आम्हाला मराठीत सांगायचा, ‘आता त्याला आवाज येतोय!’ ‘कसला?’ ‘बारीक!’ आम्ही मान डोलवायचो. आम्हालाही कधी ऐकू आला नव्हता. मग तो वेडा आहे की शहाणा, यावर आपण जे काही भांडलो ते सगळं यावरच उभं होतं की आवाज नाही. खाली लूम चालू आहेत, त्यात काही बुडून जात असेल, हे आपल्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. यायचं कसं? लूम आपल्याला ऐकूच येत नव्हती.

तुम्ही तर कानात वायरी घालूनही बघितला होतात. म्हणून छातीठोकपणे त्या वेड्यांच्या जागेवर, इंटरनेटवर, आपलं मत लिहिलंत. मराठीत लिहिलंत आणि फोनकडून इंग्रजी करून घेतलंत. आवाज नसणं हीच या चित्रपटाची थोरवी आहे, असं काहीसं. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्याखाली उत्तरांची ही रांग. आवाज पहिल्या मिनिटापासून आहे म्हणे. शेवटी तो थांबतो, तीच तर सगळ्यात मोठी गोष्ट आहे म्हणे. तुम्ही बघितलात तरी कुठे बसून, असं कुणी विचारलं. तुम्ही सरळ मनाने लिहिलंत, लूमच्या खात्यावर बसून. मग काय, जगभरातून लोक हसले. एकाने लिहिलं, ‘आधी खिडकी लावा, मग पिक्चर बघा.’ तुम्ही त्याला उत्तर दिलंत, ‘खिडकी लावलेलीच होती.’ ते उत्तर वाचून मी इतकी हसले की मला ठसका लागला. अजूनही आठवलं की हसू येतं, परवा तुमच्या फोटोला हार घालतानासुद्धा आलं.

लोटनभाऊ म्हणाले, एकदा शांततेत बघून टाकू, वाद मिटेल. पण गोडादऱ्यात शांतता आणायची कुठून? मी म्हटलं, भेस्तानला चला, आमच्याकडे शांतता पोत्याने आहे. तुम्ही आला नाहीत. तुम्हाला भेस्तान आवडायचंच नाही. एकदा मुक्कामाला राहिलात तर सकाळी डोळे लाल. ‘वहिनी, तुमच्याकडे फरशी मेलेली आहे,’ म्हणालात. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. मी आपली रागावले, पुसून पुसून चकचकीत ठेवलेल्या फरशीला हा असं म्हणतो म्हणून.

मग तो दिवस आला. लाइनचं काम होतं, दुपारभर वीज नाही. खाली सगळी मशीन थांबलेली, कारीगर ओट्यावर पत्ते खेळत बसलेले. लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती. आपण सगळे तो छोटा पडदा घेऊन दाटीवाटीने बसलो. पिक्चर सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला मी कानाशी हात हलवला. मला वाटलं डास आहे. लोटनभाऊंनीही हलवला. मग आम्ही एकमेकांकडे बघितलं. तो होता, भाऊजी. सूं करून बारीक, सुईसारखा. एकदाही न थांबता पिक्चरभर होता. पुढेपुढे तर मला वाटायला लागलं, आता हा थांबला नाही तर मी उठून जाईन. आणि शेवटी तो थांबला. एकदम. लोटनभाऊंच्या तोंडून ‘आरे देवा’ निघालं. चौधरी सरांना घाम फुटला होता. त्या माळावरच्या माणसाबरोबर माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. का ते मला सांगता येणार नाही. कुणीतरी इतका वेळ धरून ठेवलेला हात सोडला असं वाटलं.

आणि तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पडद्याकडे बघत होतात, अगदी निवांत. मग तुम्ही आमच्याकडे वळलात. एकेकाचं तोंड वाचलंत. लोटनभाऊंचं, सरांचं, माझं. आणि हळूच म्हणालात, ‘थांबला ना?’

तुम्ही विचारलंत, भाऊजी. सांगितलं नाहीत, विचारलंत.

मला त्याच क्षणी कळलं. कानात वायरी घालून बघितला तरी तुम्हाला तो का ऐकू आला नाही, हे कळलं. लूमने तुमच्या कानातले बारीक आवाज कधीच खाऊन टाकले होते. आमची मोठाली बोलणी तुम्हाला ऐकू यायची, समोर तोंड असलं की सगळं कळायचं, पण कुकरची शिट्टी, पोपटाचं ओरडणं, फोनची ती किणकिण, हे तुमच्यासाठी उरलं नव्हतं. आणि तुम्हालाही ते त्याच दुपारी कळलं. तुमच्या चेहऱ्यावर ते आलं आणि लगेच गेलं. उठलात, पातेल्यावर झाकण ठेवलंत आणि म्हणालात, ‘चला, मतं द्या.’

त्या दिवशी चहा कडू झाला होता, तरी सगळ्यांनी संपवला.

पुढच्या रविवारपासून तुम्ही नवीनच मत काढलंत. आवाज आहे, मान्य. पण तो बघणाऱ्यांसाठी नाहीच. दिग्दर्शकाने चूक केली. आवाज फक्त त्या राखणदारासाठी ठेवायला हवा होता. आपण खात्यावर बसून बघितला तोच खरा पिक्चर आणि जगातल्या लोकांनी चुकीचा बघितला. मी म्हटलं, काहीतरीच काय! मी तुम्हाला सोडलं नाही. शांततेत बघायचा तो शांततेतच बघायचा, दुसऱ्याचं घर आहे ते, आपल्या चपला घेऊन आत जायचं नसतं, असं काय काय बोलले. आपण दोघं त्यावर केवढे भांडलो! रविवारी भांडलो, व्हिडिओ कॉलवर भांडलो, दिवाळीच्या फराळावर भांडलो. तुमचे दादा म्हणायचे, ‘अगं, सोड की. त्याचं त्याला असू दे.’

पण मी कशी सोडणार होते? मी मुद्दाम हरले असते तर तुम्हाला लगेच कळलं असतं, हिला माहीत आहे. वहिनी आणि हरली? तुम्ही काय कुकुल्लं बाळ होतात न समजायला? माझी कीव दिसली असती तुम्हाला. म्हणून मी दर रविवारी कंबर कसून यायचे आणि तुमच्या मताच्या चिंध्या करायचे. कानाच्या डॉक्टरकडे चला, असं हजारदा ओठावर आलं. एकदा तर ‘भाऊजी, जरा कान...’ एवढं बोललेसुद्धा. तुम्ही अशा नजरेने बघितलंत की मी पुढे म्हणाले, ‘...कान देऊन ऐका माझं, तो राखणदार मूर्ख आहे.’ तुम्ही हसलात. आपण पुन्हा सुरू झालो. ते एवढंच सांगायचं राहिलं होतं. मला माहीत होतं, भाऊजी. त्या दुपारपासून माहीत होतं. आता रागवा हवं तर.

आणि त्यात लपवण्यासारखं काय होतं हो? चोरी केली होती का? तुमच्या त्या कानांच्या जिवावर या शहराने साड्या नेसल्यात.

आता बेसण्याचं ऐका.

खात्यासमोर मांडव घातला होता, सतरंज्या अंथरल्या होत्या. लोक येत होते, हात जोडत होते, थोडं बसून जात होते. पाठीमागे मशीन चालूच होती. शेवटी चौधरी सर उठले. सरांना माईक आणि माणसं एकत्र दिसली की राहवत नाही. म्हणाले, सुधाकर साधाभोळा. एकच चित्रपट आयुष्यभर बघत बसला. जगाने त्याला हसून घेतलं. तो चित्रपट त्याला उमगला असता तर बरं झालं असतं, पण त्याने त्याचा निखळ आनंद लुटला. लोक माना हलवत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उमगला असता तर! ज्या माणसाने तुम्हा सगळ्यांना आपल्या हाताने चहा करून तुमची मतं ऐकून घेतली, समोरच्याच्या ओठांवर डोळे लावून ऐकून घेतली, तो साधाभोळा? हे मी बोलले नाही. गिळलं.

मग सर म्हणाले, दोन मिनिटं शांतता पाळू या. तेवढ्यात जयेशभाई पुढे आले. पांढरे कपडे, डोळे ओले. मला म्हणाले, ‘बेन, बे मिनिट बधां मशीन बंध करावी दऊं. सुधाकरभाईने मान आपवा माटे.’ तुमच्या मानासाठी सगळी मशीन दोन मिनिटं बंद ठेवतो म्हणाले. सगळा मांडव गहिवरला. लोकांना ठाऊक आहे, खातं कुणासाठी थांबत नाही. जयेशभाईंचे स्वतःचे वडील गेले तेव्हासुद्धा पाळी चालू होती. तुमचे दादा हात जोडून ‘फार उपकार’ म्हणणार होते.

आणि मी म्हणाले, ‘मशीन बंद करायची नाहीत.’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सरांना वाटलं मला समजलं नाही. ते शाळेतल्यासारखं समजावून सांगायला लागले, वहिनी, शांतता म्हणजे श्रद्धांजली, या गोंगाटात त्याच्या आत्म्याला... मी म्हटलं, ‘सर, गोंगाट तुमच्यासाठी आहे. मशीन बंद करायची नाहीत.’ दादांनी माझा दंड धरला, ‘अगं, लोक काय म्हणतील? ते मान देताहेत.’ मी दंड सोडवून घेतला. सरांनी विचारलं, ‘पण कारण काय?’

कारण होतं माझ्याजवळ. पण ते तुमचं होतं. तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतंत, मग मी भर मांडवात कशी सांगू? तुमची फरशी मेलेली मला नको होती, एवढंच कारण. पायाला येणारी ती थरथर तुम्हाला शेवटपर्यंत कळत होती. खाली मशीन कमी चालली की तुम्ही पलंगावरून पाय जमिनीला टेकवून बसायचा, मी कितीदा बघितलंय. त्या राखणदाराचा आवाज थांबला आणि त्याचं जग गेलं. तुमचं जग खाली चालू होतं, आणि तुम्हाला मान द्यायचा म्हणून हे लोक नेमकं तेच बंद करायला निघाले होते! मी जिवंत असेपर्यंत? अजिबात नाही. मी म्हटलं, ‘कारण नाही. हे माझं मत आहे.’

बायका कुजबुजल्या. बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं कुणीतरी म्हणालं. म्हणू देत. लोटनभाऊ मागे उभे होते, ते पुढे येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. जयेशभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि आतल्या माणसाला हात केला, ‘चालु राखो.’

आम्ही उभे राहिलो. दोन मिनिटं खटाखट चालली होती. लोकांना अवघडल्यासारखं होत होतं, मला नाही. मी अनवाणी पाय सतरंजीवर घट्ट टेकवले. खालून आलं, भाऊजी. टाचांतून पोटऱ्यांत चढलं. तुम्ही पलंगावर बसून हेच ऐकायचा ना? मी रडले नाही. भांडायला उभी राहिलेली बाई रडत नाही. घरी येऊन रडले, त्या चकचकीत मेलेल्या फरशीवर बसून.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. पुढचं आज लिहिते आहे, कारण आज सकाळी एक गोष्ट झाली.

मी चहा करत होते. तुमचे दादा गॅलरीतून आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मला वाटलं, साखर कमी घाल म्हणून खुणावणार. ते म्हणाले, ‘बरं केलंस.’

मी गॅस बारीक केला. ‘काय बरं केलं?’

‘मशीन बंद करू दिली नाहीस ते. त्याला तेवढंच लागत होतं.’

मी वळून बघितलं. ते कपाटाकडे बघत बोलत होते. ‘लूमवर होता तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. मागून हाक मारली की वळायचा नाही. मी त्याला कधी बोललो नाही. त्याला वाईट वाटलं असतं.’

म्हणून ते तुमच्या समोर जायचे! म्हणून खांद्याला हात! इतकी वर्षं मी त्याला रुबाब म्हणत होते. आम्ही दोघं नवराबायको, एकाच घरात, एकाच पलंगावर, तुमची तीच गोष्ट एकमेकांपासून लपवून बसलो होतो. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, ‘मग माझ्याशी बोलत का नव्हता? माझ्यावर कशाचा राग?’

‘राग नव्हता,’ ते म्हणाले. ‘बोललो असतो तर रडलो असतो.’

‘मग रडा की! कुणी अडवलंय?’

आणि तुमचे दादा रडले, भाऊजी. एवढा मोठा बाप्या माणूस, दाराच्या चौकटीला टेकून. मी पातेल्यावर झाकण ठेवून शेजारी उभी राहिले. थोडं शांत झाल्यावर विचारलं, ‘आणि पिक्चर? पिक्चरबद्दल काय मत?’

त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, ‘सुधाकरचं बरोबर होतं. आपण खात्यावर बघितला तोच खरा.’

मी त्यांना चहा दिला. साय घालून दिला. नियम म्हणजे नियम. मत चुकीचं असलं तरी मत आहे.

आता मी एकटी पडले. पिक्चरच्या वादात लोटनभाऊ परवाच तुमच्या मताचे झाले, आज दादाही झाले. तुम्हाला वाटत असेल, वहिनीही आता हात टेकणार, मेलेल्या माणसाशी कोण भांडतं. तसलं काही मनात आणू नका. तुम्ही होतात तेव्हा मी हरले नाही आणि आता तर मुळीच हरणार नाही. येत्या रविवारी मी तुमच्या खोलीत जाणार आहे. खाली मशीन चालू असतील, ग्लास सरकत कडेला येईल, मी तो मागे सारेन आणि कुलपाचा पिक्चर लावेन. चहा करून झाकून ठेवेन. आणि पहिलं मत मीच देईन, खटाखटीच्या वर ओरडून, तुम्हाला समोर धरून.

आवाज आहे, भाऊजी. पहिल्या मिनिटापासून आहे. तुम्ही नाही म्हणत राहा, मी आहे म्हणत राहते.